सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच दिसणारं भूत आणि हातची घालवलेली कादंबरी

तिरफळ

(कथानक फुटणार आहे. ज्यांना वाचायची आहे त्यांनी इथूनच मागे फिरा.)

सध्या आमच्या वाचनाच्या ग्रुपांवर एक भुताची प्रेमकथा हातोहात फिरते आहे. गुहागर तालुक्यातला पडका वाडा, पुण्याहून आलेली नायिका, पडवीतल्या झोपाळ्यावर बसणारं देखणं भूत. नाव मुद्दाम लिहीत नाही. लेखिकेचं पहिलंच पुस्तक आहे आणि मला बरंच बोलायचंय. ज्यांनी वाचलीय त्यांना दोन ओळींत कळेलच.

आधी कल्पना सांगते, कारण ती ऐकूनच मी पुस्तक मागवलं. मुक्ताचे वडील जातात. हेदवीच्या अलीकडे एका गावात त्यांचा वाडा, मागे नारळी-पोफळीचं आगर, वर सड्यावर (खडकाळ माळावर) हापूसची कलमं. चुलतभावांना सगळं एका रिसॉर्टवाल्याला विकून मोकळं व्हायचंय आणि त्यासाठी मुक्ताची सही हवी. सही करायची तर आधी तिचं नाव लागलं पाहिजे. म्हणून ती गावी येऊन राहते, वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेपा घालते. ज्या दिवशी फेरफार मंजूर होतो त्याच दिवशी तिन्हीसांजेला तिला झोपाळ्यावर एक माणूस बसलेला दिसतो. त्याआधी ती त्याच पडवीत चहा पीत होती, केस वाळवत होती, फोनवर भांडत होती. तो तेव्हाही तिथेच होता. फक्त तिचं नाव लागलेलं नव्हतं.

नियम असा की केशवला (म्हणजे भुताला) घरच्या खोताने, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराने, राखणीला बांधून घातलंय. या जमिनीवर आमच्या घराण्याचं नाव आहे तोवर तू इथून हलायचं नाहीस. त्यामुळे ज्याचं नाव कागदावर, त्यालाच तो दिसतो. आणि मुक्ताने खरेदीखतावर सही केली की तिला तो दिसायचा बंद होणार.

सांगा बरं, भुताच्या प्रेमकथेला याहून पक्की गाठ मराठीत कोणी मारलीय? भूत आहे, पण ते पिंपळावर नाही, तलाठ्याच्या दप्तरात आहे. ज्याच्या घरी एका सातबाऱ्यावर वीस-बावीस सामाईक नावं आहेत, अशा प्रत्येक कोकणी माणसाला हे वाचून घाम फुटला पाहिजे.

पहिली शंभर पानं खरंच हातातून सुटत नाहीत. एक प्रसंग तर मी कधी विसरणार नाही. आषाढातली रात्र, वीज गेलेली, माजघरात सतरा ठिकाणी गळतंय. मुक्ताने प्रत्येक गळतीखाली मिळेल ते भांडं ठेवलंय: तांब्या, पातेलं, परात, पितळेचा डबा, प्लास्टिकची बादली. ती अंथरुणावर पडून नुसती ऐकते. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. मग परातीतला थेंब थांबतो. बाकी सगळं चालू, परात गप्प. थोड्या वेळाने परात पुन्हा वाजायला लागते आणि पातेलं थांबतं. मग तांब्या. तांब्या तिच्या उशाशी आहे.

इथे मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरातला दिवा लावून आले.

आणि हे जिला जमतं ती बाई पुढे काय करते? सातव्या प्रकरणात एजंटाचा ड्रायव्हर केशवकडे सरळ बघतो आणि त्याला रस्ता विचारतो. ड्रायव्हर! त्याचं नाव कुठल्या उताऱ्यावर लागलं? खुलासा नाही. त्यानंतर केशव सगळ्यांनाच दिसू लागतो, जेवतो, पावसात भिजतो, शर्टाची बटणं उघडी टाकून विहिरीवर रहाट ओढतो. पुढे कळतं की तो खोताच्या हातून मेलाच नव्हता, अपघात होता, खोत बिचारा देवमाणूस होता आणि पश्चात्तापाने झुरून मेला. खलनायक कोण, तर मुंबईचा रिसॉर्टवाला. त्याची कागदपत्रं बनावट निघतात, पोलीस त्याला नेतात, विक्री रद्द. शेवटी ग्रामदेवतेला नारळ दिला जातो आणि केशव हाडामांसाचा होतो. दोघं मिळून वाड्यात होमस्टे काढतात.

होमस्टे!

माझं म्हणणं एवढंच की भुताला नियम हवा आणि प्रेमाला किंमत. हिच्याकडे दोन्ही एकाच कागदावर लिहून तयार होतं. सही केली तर तो जातो, नाही केली तर तो पिढ्यानपिढ्या बांधलेला राहतो. म्हणजे तिचं प्रेम खरं असेल तर तिने त्याला सोडवण्यासाठी सही केली पाहिजे आणि त्याच क्षणी त्याला गमावलं पाहिजे. दुसरा रस्ताच नाही. लेखिकेने तो पोलिसांच्या जीपमधून काढला.

गॉथिक, म्हणजे पडक्या वाड्यातल्या भयकथांचा प्रकार, इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने १७६४ साली सुरू केला असं मानतात. तिथेही मुळाशी भानगड मालमत्तेचीच होती: आजोबांनी बळकावलेली गादी आणि त्याची नातवंडांना मोजावी लागलेली किंमत. भुयारं, वादळं, किरकिरणारी दारं ही वरची सजावट. आपल्याकडे तर खोती होती. मुंबई प्रांतात कायदा करून ती रद्द व्हायला १९४९ उजाडलं. त्याआधी १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं होतं, आणि अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा खोतांविरुद्धचा संप १९३३ पासून सहा वर्षं चालला होता. ज्या वाड्यात कुळाच्या पोराला मेल्यावरसुद्धा वेठीला धरलंय, त्या वाड्याचा खोत देवमाणूस काढायचा? मग केशव तिथे अडकलाय कशाला, हवापालटाला?

ज्यांनी वाचलीय त्यांनी बोला.

वाचनखूण

+१. भांड्यांच्या प्रसंगापर्यंत मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवत होते. होमस्टेला पोचलो तेव्हा तो म्हणाला, नाश्ता धरून दर काय ते बघ.

घाटावरची

मला आवडली. सांगून टाकते, मग मारा.

ही रोमान्स आहे हो. गोड शेवट हा या प्रकारातला करारच असतो वाचकाशी. दिवसभर ऑफिस, मग घरचं, मग रात्री अर्धा तास मिळतो, त्यात मला भूत गमावलेली नायिका नकोय. रडायला आयुष्य पडलंय. आणि मराठीत या वाटेला जातंय कोण? आपल्याकडे भूत म्हटलं की ते मानगुटीवरच बसायला हवं. त्याच्या प्रेमात पडायची मुभा एकीने दिली तर तिला लगेच १७६४ सालापासून झोडायचं? पावसाची वर्णनं तर अशी आहेत की माझ्या इथल्या कोरड्या खोलीत मला गोणपाटाचा ओला वास आला.

तिरफळ

@घाटावरची, मारत नाही, बसा. पावसाबद्दल एकमत. प्रेमात पडण्यालाही माझी ना नाही, मी स्वतः पहिल्या पन्नास पानांत पडले.

गोड शेवटही चालला असता, फक्त तो कमवायला हवा होता. मुक्ता शेवटच्या सत्तर पानांत एकही निर्णय घेत नाही. रिसॉर्टवाला स्वतःच्या मूर्खपणाने पकडला जातो, भाऊ आपोआप सुधारतात, नारळ तिची काकू देते. नायिका तेवढा वेळ ओल्या साडीत दारात उभी. करार वाचकाशी असतो हे मान्य, पण पहिल्या शंभर पानांत लेखिकेने माझ्याशी वेगळाच करार केला होता. त्यावर ज्याचं नाव कागदावर त्यालाच दिसेल असं लिहिलं होतं.

नाखवा

प्रेमाचं तुम्ही बघा. मी पाण्याचं बोलतो.

प्रकरण सोळा. अमावास्या, बरोबर मध्यरात्र, मुक्ता हेदवीच्या बामणघळीत उतरते. ओहोटी आहे, घळ कोरडी आहे, तळाशी कपारीत खोताने लपवलेला ताम्रपट आहे. वाचून मी खुर्चीतून पडायचा बाकी होतो.

आमच्याकडे शाळकरी पोराला भरतीचा हिशेब येतो. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, आलेल्या वाजता पाणी भरलेलं. अष्टमीला सहा वाजता. अमावास्येला आणि पुनवेला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. दिवसा सव्वाअकरा आणि रात्रीही साधारण तेव्हाच. वर अमावास्या म्हणजे उधाणाची भरती, महिन्यातलं सगळ्यात मोठं पाणी. मध्यरात्री बामणघळीत कोरडं काही नसतं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: किनाऱ्याच्या काळ्या खडकाला उभी अरुंद चीर आहे. भरतीची लाट त्यात शिरली की तिला जायला जागा नसते, मग ती एकदम वर उसळते, आधी आवाज आणि मग पाणी. पावसाळ्यात आम्हीसुद्धा तिच्या तोंडाशी उभे राहत नाही.

आता बघा, लेखिकेने नुसतं खरं पाणी ठेवलं असतं तरी प्रसंग कुठल्या कुठे गेला असता. ताम्रपट हवा असेल तर बाईने पहाटे पाचच्या ओहोटीची वाट बघायची, तोवर रात्रभर काठावर बसायचं आणि भूत शेजारी. सहा तास दोघांना बोलायला मिळाले असते. तिने ते टॉर्च घेऊन पाच मिनिटांत उरकलं.

दुसरं. तिचा चुलतभाऊ आषाढात ट्रॉलर घेऊन बाहेर जातो आणि पापलेट आणतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, त्यांच्यावर झावळ्या नाहीतर ताडपत्री असते, जाळी विणायचं काम चालू असतं. तो भाऊ पापलेट आणतो कुठून, शीतपेटीतून?

रेवस_ते_रेडी

@नाखवा, टाळ्या.

माझंही एक ठसठसणारं. वाडा गुहागरात, पण गडी-बायका सगळ्या अस्सल मालवणीत बोलतात. 'माका काय्येक दिसाक नाय' वगैरे. वर गावात दर आठवड्याला दशावतार, तोही भर पावसात. दशावतार तळकोकणातला, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मंडळी बाहेर पडतात आणि पावसाआधी पेटारे बांधून घरी. गुहागरात नमन-खेळे आहेत, जाखडी आहे, शिमग्याच्या पालख्या आहेत. यातलं एकही कादंबरीत नाही. टीव्हीमालिकांनी सगळं कोकण एकाच तालुक्यात आणून ठेवलंय, त्याचा हा परिणाम.

याचा कथेशी संबंध आहे बरं का. केशवला ती मधूनच देवचार म्हणते. आमच्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे देवचार कुणाच्या प्रेमात पडायला रिकामा नसतो. त्याची हद्द ठरलेली, वाट ठरलेली, वर्षाचं देणं ठरलेलं. त्याच्या वाटेत आडवं घर बांधायचं नाही, त्याचा नारळ-कोंबडा चुकवायचा नाही, की तो वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोबत करतो. सगळा व्यवहार आहे. आरवलीच्या वेतोबाला बघा. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या चपला झिजतात म्हणून लोक अजून हातभर लांबीच्या चामडी चपला वाहतात. देव असो की भूत, आपल्याकडे दोघांनाही ड्युटी असते. धागाकर्तीचा नियमाचा मुद्दा म्हणून पटला.

अवांतर: आरवलीला गेलात तर वेतोबाला केळ्यांचा घड विसरू नका.

फेरफार_मंजूर

हयात महसूल खात्यात गेली, आता निवृत्त. मुलीने हा धागा पाठवला म्हणून पुस्तक वाचलं. भुताच्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही. कागदाच्या बाबतीत आहे.

वाडा गावठाणात असेल तर त्याचा सातबाराच नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा, नमुना आठ. कादंबरीतला वाडा आगरात आहे, म्हणजे शेतजमिनीच्या नंबरात असू शकतो, तेवढं सोडून देऊ. पण मुक्ता सकाळी अर्ज देते आणि तिसऱ्या दिवशी फेरफार मंजूर. असं होत नाही. वारसाची नोंद आधी सहा-क च्या नोंदवहीत होते, चौकशी होते, मग फेरफार धरतात, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लेखिकेला मी सांगितलं असतं, बाई, हे पंधरा दिवस तुझ्या फायद्याचे आहेत. नोंद धरलीय पण प्रमाणित झालेली नाही. त्या पंधरवड्यात तुझं भूत कसं दिसेल?

आणखी एक गोष्ट तिने वापरायला हवी होती. माझ्या वेळी सातबाऱ्यावरचं नाव कमी झालं तरी ते खोडत नसत. त्याला कंस करत. माणसाने हिस्सा विकला, हक्क सोडला, मयत झाला, काहीही होवो, नाव तिथेच राहायचं, कंसात. जुने हस्तलिखित उतारे बघा, कंसांची गर्दी असते. मी आयुष्यभर लोकांच्या नावांना कंस केले. यावर एक भुताची कादंबरी होऊ शकेल हे मात्र कधी सुचलं नव्हतं.

वाचनखूण

अंगावर काटा. कंसातल्या माणसाला केशव कसा दिसत असेल?

चिरेबंदी

मी नुसता वाचत होतो, पण @फेरफार_मंजूर यांच्या प्रतिसादानंतर पुस्तक पुन्हा उघडलं. माई आत्या कोणाला आठवते का?

मुक्ताच्या वडिलांची धाकटी बहीण. सगळ्या कादंबरीत दोनदा येते. पहिल्यांदा पान ८८ वर. चिपळूणहून एसटीने येते, भाचीसाठी कुळीथाचं पीठ आणते, ओटीवर टेकते. घरात जाताना पडवीशी थांबते, झोपाळ्याच्या कडीला हात लावते आणि विचारते, 'ह्याला तेल कोण घालतं?' मुक्ता म्हणते, कोणी नाही. आत्या आत जाते. एवढंच. दुसऱ्यांदा ती शेवटच्या पंगतीत वाढताना दिसते.

आता ही बाई कोण आहे ते बघा. वडिलोपार्जित जमीन, सख्खी बहीण, तरी विक्रीसाठी तिची सही कोणीच मागत नाही. म्हणजे तिने केव्हाच हक्कसोडपत्र करून दिलेलं असणार. आपल्याकडच्या कुठल्याही घरात असंच होतं. राखी पौर्णिमेला नाहीतर आईच्या वर्षश्राद्धाला बहिणी माहेरी येतात, जेवणं होतात, भाऊ म्हणतो, एक सही हवी होती, उद्या दुय्यम निबंधकाकडे जाऊन येऊ. बहीण म्हणते, माहेर तुटायला नको. साडी मिळते.

माईने ती सही केली त्या दिवसापर्यंत तिला केशव दिसत होता.

मुलगी म्हणून तिचं नाव वडिलांमागे लागलं असेल तेव्हापासून. लग्न उशिरा झालं असा एक उल्लेख आहे. म्हणजे किती वर्षं ती त्या घरात त्याला बघत, बोलत राहिली असेल. मग भावाने चिपळूणला नेलं, सही झाली, संध्याकाळी वाड्यावर परत आली तर झोपाळा रिकामा. कोणाला सांगणार? आणि तो? त्याला ती दिसतच होती की. नियम तिच्या नजरेला आहे, त्याच्या नजरेला नाही. ती त्याच्या समोरून आरपार बघत गेली आणि त्याला वाटलं असेल, हिनेही मला टाकलं. पुढे कधीही ती आली की तो झोपाळ्याच्या कड्यांना तेल घालून ठेवतो.

अख्खी कादंबरी त्या एका वाक्यात बसलीय आणि लेखिकेला पत्ताच नाही. किंवा असेल, आणि कोणी संपादकाने म्हटलं असेल की नायिका तरुण हवी.

घाटावरची

@चिरेबंदी, हे वाचून मी आत्याला फोन लावला. सांगण्यासारखं काही नव्हतं. लावला.

तरीही माझा मुद्दा सोडत नाही. तुम्ही सांगताय ती वेगळी कादंबरी आहे. चांगली आहे, पण ती हिने लिहिलेली नाही. जी लिहिली तिच्यावर बोला.

चिरेबंदी

तिने लिहिलेलीच आहे, पान ८८ वर. पुढची दोनशे साठ पानं तिने तिच्यावर दुसरी आणून रचली.

रत्नांग्रीचा

गोड शेवट हवा, किंमत नको, यावरून आठवलं. आमच्या रत्नागिरीत गॉथिक प्रेमकथा रीतसर घडून गेलेली आहे आणि तिथे कोणाला काल्पनिक भूत लागलं नाही.

ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा, १८८५ मध्ये इंग्रजांनी राज्य घेतलं आणि त्याला राणीसकट बोटीत घातलं. आधी मद्रास, मग रत्नागिरी. जांभ्या दगडाचा आणि ब्रह्मी सागवानाचा तो राजवाडा पुरा झाला १९१० मध्ये, म्हणजे आयुष्य सरत आल्यावर. वरच्या गच्चीतून खाडी दिसते, तिच्या तोंडाशी समुद्र, आणि त्याचं राज्य होतं पूर्वेला. १९१६ मध्ये तो तिथेच गेला. त्याच्या थोरल्या मुलीचा जीव जडला वाड्यावरच्या नोकरावर, गोपाळ सावंतांवर. ते आधीच लग्न झालेले. त्यांना मुलगी झाली, टुटू. कुटुंब मायदेशी परतल्यावर राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली. राजाची नात इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठी बोलली आणि गरिबीत राहिली.

किंमत म्हणतात ती ही. आमच्याकडे थिबा पॅलेस बघायला आलेले पाहुणे विचारतात, इथे भूत आहे का हो. मी म्हणतो, तुम्हाला अजून काय हवंय?

तिरफळ

@चिरेबंदी, त्या झोपाळ्याच्या ओळीवरून मी सरळ पुढे गेले होते. आता वाचवत नाही.

@घाटावरची, तुमचा आग्रह रास्त आहे, म्हणून लिहिलेल्या पुस्तकातलंच एक सांगते. केशवच्या पूर्वायुष्याचं प्रकरण अकरा. साल १८३० च्या आसपास, मुसळधार पाऊस, लाल मंगलोरी कौलांवरून पागोळ्या गळतायत आणि केशवची आई त्याला शोधत येते. मंगलोरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला १८६५ मध्ये. त्याआधी कुंभाराचे नळे, नाहीतर गरिबाच्या घरावर पेंढा आणि झावळ्या. ही चूक मी एरवी सोडून दिली असती. पण ज्या बाईला सतरा भांड्यांचा आवाज वेगवेगळा ऐकू येतो, तिने वर काय होतं ते मान उचलून बघितलं नाही. अकराव्या प्रकरणापर्यंत तिला वाड्याचं कुतूहलच उरलं नव्हतं, केशवच्या खांद्यांचं उरलं होतं. केशवची आई त्या पावसात वाड्याच्या दारात उभी राहते, खोत तिला आत बोलावून गूळपाणी देतो, ती त्याचे आभार मानून जाते. कुळाची बाई, पोरगा बेपत्ता, आणि खोताच्या ओटीवर बसून गूळपाणी? तिला खळ्याच्या कडेला उभं केलं असतं, पावसात. लेखिकेला ते लिहायला जड गेलं असावं. आणि ते जड जाणं जिथे टाळलं, तिथे तिथे कादंबरी हलकी झालीय.

घाटावरची

गूळपाण्याचं पटलं. ते मलाही खटकलं होतं, पण मी पान उलटलं.

होमस्टे मात्र मला अजूनही चालतो. त्या वाड्याची कौलं कोणीतरी शाकारायला हवीतच ना, नुसत्या शोकांतिकेने गळती थांबते का?

नाखवा

हे मात्र खरं. हल्ली शाकारणीला माणूस मिळत नाही. भूत मिळालं तर मीही ठेवीन.

कोकमकढी_प्रेमी

कोणाकडे पीडीएफ आहे का?

तिरफळ

@कोकमकढी_प्रेमी, नाही, आणि असती तरी दिली नसती. एवढं बोलूनही सांगते, विकत घ्या नाहीतर वाचनालयातून आणा. पहिली शंभर पानं त्या पैशांची आहेत. तिचं दुसरं पुस्तक आलं तर मी पहिल्याच दिवशी घेणार आहे.

वाचनखूण

कोणीतरी लेखिकेला हा धागा पाठवा. टीका म्हणून नाही, पान ८८ साठी.

रेवस_ते_रेडी

आणि तिथीच्या गणितासाठी.

कोकमकढी_प्रेमी

ठीक आहे, घेतो विकत. पण @फेरफार_मंजूर काका, एक विचारायचं राहिलं. आमच्या दापोलीच्या जागेत आजोबांच्या नंतर नोंदच झालेली नाही. बाबा आणि काका दोघंही गेले, आत्या दोन आहेत. मग आता नावं कोणाची लागतील, आणि आत्यांची सही लागेल का?

फेरफार_मंजूर

आत्यांची आधी नावं लागतील, सही नंतरची गोष्ट. आजोबांचे सगळे वारस दाखवून अर्ज करा, बाबा-काकांच्या मागे त्यांचे वारस येतील. एकही नाव वगळू नका, वगळलेलं नाव नंतर हरकत घेऊन येतं. आजोबांचा मृत्यूदाखला आहे का? किती सालचा? वेगळा धागा काढा, तिथे बोलू. इथे भुताचं चाललंय.